चाकातला च आणि चित्रातला च : चीनमधले बारा दिवस

ग्वांगचौच्या व्यापारमेळ्यात एका गाळ्यावरचा मध्यमवयीन विक्रेता दोन्ही हातांच्या तर्जन्या एकमेकींवर आडव्या ठेवून माझ्याकडे पाहत होता, आणि त्याने सौदा मोडला असे समजून मी वही पिशवीत ठेवायला घेतली होती. त्याआधीची दहा मिनिटे आमचे बोलणे चांगले चालले होते. चटई विणण्याच्या यंत्राला लागणारा एक छोटा सुटा भाग मला हवा होता. त्याने भाव सांगितला तो मला ‘सी’ असा ऐकू आला, आणि चिनी भाषेत चारला ‘स’च्या जवळचा उच्चार आहे हे मी घरून पाठ करून गेलो होतो. चार युआनला नग मिळत असेल तर तो घ्यायलाच हवा, म्हणून मी मान डोलावून चार बोटे दाखवली. त्याने जोराने मान हलवली, पुन्हा तोच शब्द उच्चारला आणि बोटांची ती फुली केली. आमच्याकडे फुली म्हणजे नकार. मी निघालो हे पाहताच त्याने कॅल्क्युलेटर पुढे ओढला आणि त्यावर आकडा दाबून तो माझ्याकडे फिरवला. आकडा दहा होता.

चिनी लिपीत दहा हा अंक आपल्या बेरजेच्या चिन्हासारखा लिहितात, आणि बाजारात दहा दाखवायचे तर बोटांची तीच आकृती करतात. तो बिचारा दोन्ही मार्गांनी दहाच सांगत होता. प्रमाण चिनी भाषेत चारचा उच्चार दंत्य ‘स’ने आणि दहाचा उच्चार जीभ टाळूकडे वळवून काढलेल्या ‘श’ने होतो, पण दक्षिणेकडच्या पुष्कळ लोकांच्या तोंडी हा ‘श’ येत नाही, तिथेही ‘स’च येतो. मग चार आणि दहा यांच्यात उरतो तो फक्त सुराचा फरक : चारचा सूर खाली पडतो, दहाचा वर चढतो. आमच्या खेड्यांत शाळेची ‘साळा’ होते आणि शेंगांच्या ‘सेंगा’ होतात. जो माणूस अशा बोलीत वाढला, त्याला हे खरे तर पहिल्याच दिवशी उमगायला हवे होते. ते उमगले नाही, कारण मी चिनी भाषेकडे तोवर इंग्रजीच्या खिडकीतून पाहत होतो.

माझा जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या चटयांचा छोटा कारखाना आहे. मूळ गाव अमळनेर तालुक्यातले आणि घरची बोली अहिराणी. गेल्या एप्रिलमध्ये, खानदेशात उन्हाचा पारा चढू लागला असताना, मी पहिल्यांदाच चीनला गेलो. ग्वांगचौचा हा मेळा १९५७ पासून भरतो. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, प्रत्येक वेळी तीन टप्प्यांत. ‘थोडेफार इंग्रजी येते ना, मग कसली काळजी?’ असे मला निघण्यापूर्वी अनेकांनी सांगितले होते. मेळ्याच्या दालनांत इंग्रजी बोलणारे भेटतात हे खरे, पण दालनाबाहेर पडल्यावर, म्हणजे टॅक्सीत, खानावळीत, औषधाच्या दुकानात आणि स्थानकावर, ते इंग्रजी फारसे कामी येत नाही. कामी येते ती पूर्वतयारी. ती तयारी मराठी माणसाने इंग्रजीच्या वाटेने न करता मराठीच्याच वाटेने करावी, हे मला मनापासून सांगायचे आहे, कारण ती वाट अधिक जवळची आहे आणि आपल्याकडे कोणी ती दाखवत नाही.

चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची ‘फिन्यिन’ नावाची पद्धत चीनने १९५८ मध्ये स्वीकारली. ती चिनी लोकांनी आपल्या सोयीसाठी केली आहे, त्यामुळे इंग्रजी वाचनाची सवय तिथे पदोपदी फसवते. ज्या अक्षराला आपण इंग्रजीच्या सवयीने ‘ब’ वाचतो त्याचा चिनी उच्चार ‘प’च्या जवळ जातो, ‘ड’ वाचतो त्याचा ‘त’च्या आणि ‘ग’ वाचतो त्याचा ‘क’च्या. उलट ज्यांना आपण ‘प’, ‘ट’, ‘क’ वाचतो ते उच्चार खरे तर फ, थ, ख यांच्या जवळचे असतात, आणि त्यातला फ हा ‘फळ’मधला, ओठ मिटून काढलेला. प्रमाण चिनी भाषा जो भेद करते तो अल्पप्राण आणि महाप्राण यांच्यातला आहे, आणि तो भेद आपण बाराखडी शिकतानाच आत्मसात केलेला असतो. इंग्रजांना पेइचिंगमधला, म्हणजे आपण बीजिंग म्हणतो त्या नावातला, ‘प’ आणि फिन्यिनमधला ‘फ’ यांतला फरक शिकवावा लागतो. आपल्याला फक्त योग्य अक्षर दाखवावे लागते. मी उशिरा का होईना वही काढली आणि साठेक शब्द देवनागरीत पुन्हा लिहून काढले, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून लोक मला ‘काय?’ असे विचारेनासे झाले.

याहून मोठा आनंद मला निरोपाच्या शब्दाने दिला. मराठीत दोन ‘च’ आहेत : एक ‘चाक’मधला दंत्य आणि एक ‘चित्र’मधला तालव्य. लिहिताना आपण ते वेगळे दाखवत नाही, पण बोलताना कधी चुकत नाही. चिनी भाषेत हे दोन्ही ‘च’ आहेत आणि फिन्यिनमध्ये ते वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात. निरोप घेताना म्हणतात तो शब्द ‘चाय-च्येन’ असा आहे; त्यातला पहिला च चाकातला आणि दुसरा चित्रातला. एकाच शब्दात आपले दोन्ही च शेजारी-शेजारी बसलेले पाहून मी तो शब्द हॉटेलच्या खोलीत कितीतरी वेळ म्हणत राहिलो.

सुरांचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे आणि तिथे मराठी सरळ मदतीला येत नाही. प्रमाण चिनी भाषेत चार सूर आहेत, शिवाय एक हलका, बिनसुराचा उच्चार. मी ते आपल्या घरातल्या आवाजांवर बसवले. लांबच्या माणसाला हाक मारताना आवाज उंच आणि सपाट राहतो, तो पहिला. नीट ऐकू न आल्यावर ‘काय?’ असे विचारताना आवाज चढतो, तो दुसरा. मनात शंका ठेवून ‘बरं…’ असे लांबवताना आवाज खाली जाऊन पुन्हा वर येतो, तो तिसरा. आणि मुलाला ‘बस्स!’ म्हणून गप्प करताना आवाज कोसळतो, तो चौथा. खानदेशात ‘माय’ म्हणजे आई. चीनमध्ये ‘माय’ हा उच्चार तिसऱ्या सुरात केला तर अर्थ होतो विकत घेणे आणि चौथ्या सुरात केला तर विकणे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाची जोडी नाही. खरेदीला आलेल्या माणसाने चुकीचा सूर लावला तर समोरचा त्याला विक्रेता समजू शकतो, म्हणून मी त्या शब्दासोबत नेहमी हाताने माल आपल्याकडे ओढण्याची खूण करत असे.

फोनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. चीनच्या स्थानिक इंटरनेटवर गूगल आणि व्हॉट्सॲप चालत नाहीत; भारतातल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतले तर सहसा चालतात. वीचॅट आणि अलीपे घरूनच उतरवून, कार्ड जोडून ठेवावे, कारण भाजीवालीसुद्धा पैसे फोनवरच घेते. भाषांतरासाठी चिनी भाषेचा संच इंटरनेटशिवाय चालेल असा आधीच उतरवून घ्यावा. हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत छापलेले कार्ड खिशात असावे, कारण फोनची बॅटरी संपली की कागदच उरतो.

भाषांतराच्या ॲपमध्ये मराठी बोलता येते, पण आपले बोलणे ज्या ठेवणीचे असते ती त्याला पेलत नाही. ‘लसूण चालेल’ असे मी म्हटले, तेव्हा समोर उमटलेले चिनी वाक्य पुन्हा मराठीत फिरवून पाहिले, तर त्याचा अर्थ ‘लसूण चालत जाईल’ असा निघाला. आपण दिवसभर ‘चालेल’, ‘होईल’, ‘जमेल’, ‘बघू’ यांवर व्यवहार करतो; हे शब्द परक्या भाषेत जाताना आपला अर्थ मागे ठेवून जातात. म्हणून मी एक शिस्त लावून घेतली. वाक्य लहान करायचे, कर्ता स्पष्ट ठेवायचा, ‘चालेल’च्या जागी ‘मी लसूण खातो’ असे म्हणायचे, आणि दाखवण्यापूर्वी एकदा उलट भाषांतर करून तपासायचे. यात अर्धे मिनिट जास्त जाते, पण समोरच्या माणसाचा वेळ आणि संयम त्याहून मोलाचा आहे.

मेळ्याच्या दारांपाशी दुभाषाचे काम करणारी तरुण मुले-मुली उभी असतात. त्यांतली एक विद्यार्थिनी मी दोन दिवसांसाठी सोबत घेतली, आणि जे ॲपला कधीच उलगडले नसते ते तिच्यामुळे उलगडले. एका ठिकाणी मागणीचा आकडा ठरत होता. विक्रेता ‘शी-वान’ म्हणाला, तिने ते मनात इंग्रजीत आणून ‘शंभर हजार’ सांगितले, आणि मी ते मनात लाखात आणू लागलो. या दोन उड्यांमध्ये शून्य सुटण्याचा धोका असतो. चिनी लोक हजारानंतर थांबतात ते दहा हजारांवर; त्या एककाला ‘वान’ म्हणतात. ‘शी’ म्हणजे दहा, म्हणून दहा वान म्हणजे सरळ एक लाख. हजार आणि दशलक्ष यांनी मोजणारी इंग्रजी मध्ये आणली की दोन्हीकडचा हिशोब तुटतो, आणि ती बाजूला ठेवली की दहा वान आणि एक लाख समोरासमोर येऊन बसतात. मी वहीत एक कोष्टक आखले : एक वान म्हणजे दहा हजार, दहा वान म्हणजे लाख, शंभर वान म्हणजे दहा लाख, हजार वान म्हणजे कोटी. त्या मुलीने तेच कोष्टक आपल्या फोनमध्ये टिपून घेतले.

बोटांची भाषाही तिनेच शिकवली. एका हातावर नऊपर्यंत मोजतात. अंगठा आणि करंगळी उघडी ठेवली की सहा, अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवली की आठ. आपल्याला ही दोन बोटे दोन वाटतात, आणि दोन युआन समजून आठ युआनची वस्तू उचलली जाते. आमच्या गुरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरवत, ते मी लहानपणी वडिलांच्या शेजारी उभा राहून पाहिले आहे. पाच बोटांत सगळा सौदा मावतो, हे मला नवीन नव्हते. फक्त कोणते बोट कशाचे, हे नव्याने शिकायचे होते.

जेवणाचा प्रश्न अधिक नाजूक होता, कारण मी शाकाहारी आहे. पहिल्या रात्री एका छोट्या खानावळीत ‘मी मांस खात नाही’ हे वाक्य दाखवले. बाईंनी मान डोलावली आणि वाफाळणारा नूडल्सचा वाडगा आणून ठेवला. त्यात मांस खरेच नव्हते, पण तळाशी बारीक सुकी कोळंबी होती. बाईंची काही चूक नव्हती. चिनी भाषेत मांसासाठी जो शब्द आहे, त्याने साध्या बोलण्यात बहुतेक वेळा डुकराचे मांस कळते. मासे आणि कोळंबी त्यात आपोआप येत नाहीत, आणि हाडांचे पाणी तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. मी वाडगा बाजूला ठेवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख दिसले, त्याने मला उपाशी राहण्यापेक्षा जास्त त्रास झाला. त्यांनी माझ्यासाठी पुन्हा भात आणि नुसत्या लसणावर परतलेली हिरवी भाजी केली, आणि मी जेवेपर्यंत त्या समोर बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुभाषी मुलीने मला एका पुठ्ठ्यावर सुवाच्य चिनी अक्षरांत लिहून दिले : मी मांस, मासे, कोळंबी, अंडी खात नाही, हाडांचे पाणी आणि चरबीही नको, कांदा, लसूण, मिरची मी खातो. शेवटचा भाग आवश्यक होता. ‘वो छ सू’, म्हणजे मी शाकाहार घेतो, एवढेच म्हटले तर बौद्ध आचारात लसूण-कांदाही वर्ज्य असल्यामुळे काही ठिकाणी तेही काढून टाकतात, आणि खानदेशी माणसाच्या ताटातून लसूण आणि मिरची गेली तर जेवणाला अर्थ राहत नाही. तो पुठ्ठा मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून उरलेले सगळे दिवस वापरला.

याच काळात एका ठिकाणी यादीवर कॅमेरा धरला, तेव्हा पडद्यावर ‘माशाच्या वासाचे वांगे’ असे उमटले. मी भरताच्या मुलुखातला माणूस, वांगे म्हटल्यावर जीव ओढला गेला, पण मासा वाचून ते सोडून दिले. पुढे कळले की या पदार्थाच्या नावात मासा आहे, पदार्थात नाही. मासा शिजवताना जो मसाला वापरत, म्हणजे आले, लसूण, आंबवलेली मिरची, तो वांग्याला लावतात म्हणून हे नाव. मात्र त्यात खिमा घालण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, म्हणून पुठ्ठा दाखवल्याशिवाय तो मागवू नये. आणखी एक गोष्ट त्या मुलीने सांगितली, ती ऐकून मी जळगावला घरी फोन लावला : चीनमध्ये फोटो काढताना सगळ्यांनी हसावे म्हणून ‘छ्ये-च’ म्हणतात, आणि छ्ये-च म्हणजे वांगे.

ग्वांगचौच्या जुन्या वस्तीत एका चहाच्या दुकानात मला वेगळाच धडा मिळाला. तिथे म्हाताऱ्या मालकीणबाई शेजारणीशी बोलत होत्या, आणि त्या बोलण्यातला एकही शब्द माझ्या साठ शब्दांच्या वहीत नव्हता. ती भाषा कँटोनीज होती, म्हणजे त्या भागाची स्वतःची बोली. शाळेत, कचेरीत, दूरचित्रवाणीवर प्रमाण चिनी आणि घरात कँटोनीज, अशी त्या शहराची रीत आहे. मेट्रोत घोषणाही प्रमाण चिनी, कँटोनीज आणि इंग्रजी अशा तीन भाषांत होतात. शाळेत मराठी बोलून घरी आल्यावर आजीशी अहिराणीत बोलणाऱ्या मला हे समजावून सांगण्याची गरज नव्हती. चहा मिळाल्यावर मी ‘श्ये-श्ये’ म्हटले, तेव्हा बाईंनी नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी मुलीकडून शिकून ‘म्-कोय’ म्हटले. कोणी आपले काम केले तर त्याला त्यांच्या बोलीत असे म्हणतात. बाईंनी हातातली किटली खाली ठेवली, माझ्याकडे नीट पाहिले आणि मग कितीतरी वेळ बोलत राहिल्या, मला काही कळत नाही हे दिसत असूनही. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याने ‘काय करी राहिना भाऊ?’ म्हटले की माझी आई अशीच बोलत सुटत असे.

मला सर्वांत जास्त वेळा वापरावे लागलेले वाक्य म्हणजे ‘थिंग पु तुंग’, म्हणजे ‘ऐकून कळत नाही’. वाचून कळत नसेल तर त्यासाठी वेगळे वाक्य आहे, ‘खान पु तुंग’. हा भेद फार उपयोगाचा आहे, कारण पहिले वाक्य म्हटले की समोरचा माणूस लिहून दाखवतो आणि त्याचा फोटो काढून भाषांतर करता येते. दुसरे म्हटले की तो हात धरून जागेपर्यंत नेतो, असा माझा दोनदा अनुभव आहे.

लिपीला घाबरून चालत नाही. शेदीडशे चिन्हे शिकायला वेळ नसेल तर वीस तरी शिकून जावीत : आत, बाहेर, स्त्री, पुरुष, पाणी, चार दिशा आणि अंक. दिशांचे महत्त्व मला महागात कळले. मेळ्यानंतर मला शीआन या शहरी जायचे होते, आणि तिकडची गाडी ‘ग्वांगचौ दक्षिण’ या स्थानकातून सुटणार होती. मी टॅक्सीवाल्याला नुसते ‘ग्वांगचौ रेल्वे स्थानक’ असे वाक्य दाखवले आणि त्याने मला इमानदारीने त्याच नावाच्या जुन्या स्थानकावर सोडले. ती गाडी चुकली. ‘दक्षिण’ हे एक अक्षर गाळल्याची ती किंमत होती, आणि नंतरच्या प्रत्येक तिकिटावर मी आधी दिशा शोधू लागलो. चिन्हांपैकी मला जिव्हाळा वाटला तो शेताच्या चिन्हाचा. एक चौकोन आणि त्याच्या आत उभी-आडवी रेघ. बांध घालून पाडलेले चार वाफेच. त्याच्याखाली ‘बळ’ या अर्थाचे चिन्ह जोडले की ‘पुरुष’ हा शब्द तयार होतो. स्वच्छतागृहाच्या दारावर ते चिन्ह पाहताना दर वेळी मला गावाकडचे वावर आठवे.

दुसरी गाडी मिळाली. ग्वांगचौ ते शीआन हे दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर वेगवान गाडी एका दिवसात पार करते, आणि त्या दिवसात शेजारच्या आसनावर एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी ‘यिन-तू?’ असे विचारले, म्हणजे भारत. मी होकार दिला. मग ते एक शब्द पुन:पुन्हा म्हणू लागले : ‘ख तीह्वा, ख तीह्वा.’ मी ‘थिंग पु तुंग’ म्हटले. त्यांनी फोनवर अक्षरे काढून मला दाखवली, आणि भाषांतरात जे नाव आले ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. ते डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस होते. सोलापूरचे कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकासोबत चीनला गेले, आघाडीवर जखमी सैनिकांची सेवा करत राहिले, चिनी भाषा शिकले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी तिथेच वारले. चिनी लोकांनी त्यांच्या आडनावातला ‘को’ आपल्या उच्चारात ‘ख’ असा घेऊन त्यांना चिनी नाव दिले. एक मराठी नाव माझ्यासमोर दहा वेळा उच्चारले गेले आणि मला ते ओळखता आले नाही. नंतर मी त्या गृहस्थांना ‘कोटणीस’ असे मराठीत म्हणून दाखवले, आणि त्यांनी ते मान वाकवून ऐकले.

शीआनला जाण्याचे कारण धंद्याचे नव्हते. शाळेत युआन श्वांग या चिनी बौद्ध प्रवाशाचे नाव वाचले होते, आणि ज्या शहरातून तो निघाला आणि जिथे परतला ते पाहावे, एवढीच इच्छा होती. सातव्या शतकात त्याने महाराष्ट्राचे वर्णन केले, पुलकेशीच्या राज्यातली माणसे मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे लिहिले, आणि डोंगरातल्या एका विहाराचे वर्णन करताना दारातल्या दगडी हत्तींचा उल्लेख केला. तो विहार अजिंठ्याचा असावा, असे अभ्यासक मानतात. आमच्या जळगावपासून अजिंठा साठेक किलोमीटरांवर आहे, आणि सोळाव्या लेण्याच्या दारात ते हत्ती आजही आहेत. शीआनमध्ये ‘युआन श्वांग’ म्हटल्यावर कोणालाच कळेना. मग वहीत पाहून ‘श्वेन-चांग’ म्हटले, चाकातल्या चने, आणि दुकानदाराने लगेच मनोऱ्याकडे बोट दाखवले.

इ.स. ६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन परतला. ते ग्रंथ नीट राहावेत म्हणून ६५२ मध्ये मनोरा बांधला गेला, आणि उरलेले आयुष्य त्याने भाषांतरात घालवले. ७५ ग्रंथ चिनी भाषेत आणले. जो माणूस आपल्या देशात येऊन संस्कृत शिकला, त्याच्या मनोऱ्याखाली मी फोन हातात धरून उभा होतो. कोणते शब्द भाषांतरित करू नयेत याचे पाच नियम परंपरेने त्याच्या नावावर सांगतात. त्यांपैकी एक असा : जी वस्तू चीनमध्ये नाहीच, तिचे नाव जसेच्या तसे ठेवावे. त्याचे उदाहरण म्हणून जे झाड देतात ते जंबू, म्हणजे आपले जांभूळ. एप्रिलमध्ये गावच्या जांभळाला मोहर येऊन गेलेला असतो. तिथल्या बाकावर बसून मी हे वाचले आणि बराच वेळ उठलो नाही.

त्या संध्याकाळी मनोऱ्याजवळच्या एका छोट्या शाकाहारी खानावळीत गेलो. आत जाताच मालकीणबाईंनी ‘छ-ल-मा?’ असे विचारले, म्हणजे ‘जेवलात का?’ गावात ओट्यावर बसलेला म्हातारा येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘जेवना का भाऊ?’ विचारतो, त्याच सुरात. मी पुठ्ठा दाखवला आणि ते माशाच्या नावाचे वांगे मागवले. तिखट, आंबट, किंचित गोड, लसणाने भरलेले. भाताबरोबर शेवटच्या घासापर्यंत खाल्ले. बाई समोर येऊन बसल्या. मी त्यांना फोनमधला फोटो दाखवला : आमच्या वावरात कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजली जाणारी भरताची हिरवी-पांढरी वांगी, शेजारी बडगीने ठेचणारा माझा भाऊ. त्या ‘छ्ये-च!’ म्हणाल्या आणि नाव विचारण्यासाठी बोटाने पदार्थाकडे खूण केली. ॲप उघडून ‘भाजलेल्या वांग्याची भाजी’ असे लिहायला घेतले, आणि थांबलो. मग नुसते म्हटले : ‘भरीत.’

प्रमाण चिनी भाषेत ‘भ’ नाही, आणि शब्द ‘त’वर संपत नाही. बाईंनी ‘पा-ली-त’ म्हटले. मी पुन्हा म्हटले, त्यांनी पुन्हा म्हटले, तिसऱ्या वेळी त्यांनी त्या ‘प’वर इतका जोर दिला की तो जवळजवळ आपला वाटला. मग त्यांनी हिशोबाची वही पुढे केली. मी त्यात देवनागरीत तीन अक्षरे लिहिली, आधी भ, मग री, मग त, आणि शेवटी वरून रेघ ओढली. त्यांनी पेन घेतले आणि खाली तोच शब्द उतरवायला सुरुवात केली. चिनी लिपीत वरची रेघ आधी आणि आडवी उभीच्या आधी काढायची असते, म्हणून त्यांनी पहिल्यांदा शिरोरेखा आखली, अगदी सरळ, पानाच्या अर्ध्यापर्यंत, आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर, सावकाश, टांगल्यासारखे लिहिले.